दहाव्या जोडीची शेपटी

७ जुलै १९९७, सोमवार

ही डायरी जुन्या कंपनीने जानेवारीत दिली होती. सहा महिने कोरी राहिली, कारण तुर्भ्याच्या त्या औषधांच्या कारखान्यात दिवसभर गोळ्यांचा कडकपणा मोजायचा आणि घरी यायचं, यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. नव्या नोकरीत आज आठवडा झाला.

वाशी, सेक्टर सतरा, दुसरा मजला, दोन खोल्या. क्रोमोसोम तपासायचं केंद्र. डॉ. आरिफा हुर्जुक या मालक, मी एकटा टेक्निशियन आणि काचसामान धुवायला सानपाडा गावच्या जाईबाई. मॅडम मूळच्या मुरुडच्या. मुंबईच्या हॉस्पिटलात बारा वर्षं हेच काम करून आता स्वतःचं उघडलंय. ज्या जोडप्यांची मुलं पोटातच जातात त्या नवरा-बायकोचं रक्त डॉक्टर लोक आमच्याकडे पाठवणार.

"पहिले दोन महिने पेशंट घ्यायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हात बसू दे आधी. एखाद्या नॉर्मल माणसाच्या रक्तावर प्रॅक्टिस करा."

"नॉर्मल माणूस कुठून आणायचा?"

"तुम्ही आहात ना."

मी बाही वर केली. नळीवरचं लेबलही मीच लिहिलं. नॉर्मल.

११ जुलै, शुक्रवार

रक्त बहात्तर तास उबेत वाढवलं. एमएस्सीला हे सगळं पाठ केलं होतं, पण डोळ्याने बघणं वेगळं. एरवी पेशीच्या आत नुसता गुंता असतो, कुठला धागा कुणाचा ते कळत नाही. पेशी दुभंगायच्या तयारीला लागली की तोच गुंता आवळत जातो. धागे आखडतात, जाड होतात, सुटे दिसायला लागतात आणि मग मधोमध येऊन उभे राहतात. बरोबर तिथे औषध टाकून त्यांना थांबवायचं. औषधात जास्त वेळ ठेवलं तर आखूड ठोकळे होतात. कमी ठेवलं तर नूडल्स.

माझे आज नूडल्स झाले. पण मोजता आले. शेहेचाळीस. मॅडमना म्हटलं, "पूर्ण भरले."

२१ जुलै, सोमवार

सकाळी डबा भरताना उज्वलाने सांगितलं. पुन्हा दिवस गेलेत. ही तिसरी वेळ. आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेली.

जुईनगरच्या आमच्या दोन खोल्यांत गोष्ट लपत नाही. आईने ताबडतोब कारभार हातात घेतला. पपई बंद, बादली उचलणं बंद, आणि तुर्भ्याच्या रस्त्यावर बस आदळते म्हणून नोकरी बंद. उज्वला तिथे एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात आहे. म्हणजे होती. आप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बाईमानसानं जपाय पायजे." तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. जपणं हा विषय त्यांना नेमका कुठून ठाऊक, कोण जाणे.

उज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जाऊ दे ना, कशाला टेन्शन." तिने संध्याकाळी राजीनामा लिहिला. तिचं इंग्रजी अक्षर फार सुंदर आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

आज पट्टे उमटले! स्लाइड एका द्रावणात काही सेकंद बुडवून रंगवली की प्रत्येक क्रोमोसोमवर काळे-पांढरे पट्टे येतात, झेब्र्यासारखे. त्यावरून कुठला कोण ते ओळखायचं. फोटो काढला, प्रिंट केली. मग कात्रीने एकेक क्रोमोसोम कापून तक्त्यावर जोडीने चिकटवायचा. बावीस जोड्या आणि शेवटी एक्स-वाय.

दुपारपर्यंत सगळं जमलं. फक्त दहाव्या जोडीतल्या एकाला खाली जास्तीची शेपटी दिसते. दुसरा काहीतरी त्याच्यावर पडला असणार. असं होतं म्हणे.

९ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा शेपटी. वीस पेशी बघितल्या, विसांत. आणि तिसऱ्या जोडीतला एक तोकडा. म्हणजे पद्धतीतच मोठी चूक आहे. संशयितांची यादी: सेक्टरचं पाणी, बुधवारी गेलेली लाइट, पट्ट्यांच्या द्रावणातलं जुनं एन्झाइम, जाईबाई.

पहिले तिघे बोलत नाहीत, म्हणून जाईबाईंना बोललो. नळ्यांना साबण राहतो, तुमचं लक्ष नसतं, वगैरे. बाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"तीन पान्यानं धुतल्यान मी. नलीला काय नाय झाला. तुमचे रगताचाच काय तरी हाय."

अडाणी माणसाशी शास्त्र बोलण्यात अर्थ नाही. मी स्वतः सगळं पुन्हा धुवायला घेतलं. धुताना दोन नळ्या फुटल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

मॅडमना दाखवायला एक नमुन्याचा तक्ता हवा होता, डॉक्टर मंडळी येणार म्हणून. माझ्याकडचे सगळे शेपटीवाले. विचार केला, चूक तंत्राची आहे, माणसाची नाही, मग ती भिंतीवर कशाला मिरवायची? कात्री हातात होतीच. दहाव्याची शेपटी पट्ट्याला धरून कापली. तिसऱ्यातला तोकडा चिकटवताना जरा वर सरकवला. आता कुणाला कळणार नाही.

मॅडमनी लांबूनच बघितला. "सुंदर! हात बसला तुमचा." फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावायला सांगितला. खाली अक्षरं: नॉर्मल पुरुष.

उज्वलाला सांगितलं, तुझा नवरा भिंतीवर लागला. ती हसली. आजकाल तिचं पोट दुखतं मधूनमधून, पण आई म्हणते सुरुवातीला असं होतंच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गेलं.

दवाखान्यातून संध्याकाळी आणलं. उज्वला भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हिच्या अंगालाच लागत न्हाई." ऐकू जाईल असं म्हणाली. मी दार लोटून घेतलं. त्याहून जास्त काही केलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना कळलं. सांगितलं नाही म्हणून रागावल्या.

"तीन वेळा झालं आणि तुम्ही इथे काम करता? नंदकुमार, आपण हेच तर तपासतो! मिसेसना घेऊन या. दोघांचं बघू."

"माझं काय बघायचं, मॅडम? मी तर भिंतीवर आहे."

घरी सांगितल्यावर आई एकदम खूश. "बरं झालं. एकदाचं कळू दे तिच्यात काय हाय ते." उज्वला साडी बदलून तयार झाली. रक्त मीच काढलं. सुई घालताना मी दुसरीकडे बघितलं, ती मात्र माझ्याकडे बघत होती.

तुलनेसाठी शेजारच्या नळीत माझंही घातलं. तेच पाणी, तेच औषध, तोच वेळ.

९ सप्टेंबर, मंगळवार

उज्वलाचा तक्ता आज पूर्ण झाला. इतके नीट क्रोमोसोम मी आजवर पाहिले नाहीत. घडी घालून ठेवल्यासारखे. बावीस जोड्या, दोन एक्स. कुठे काही जास्त नाही, कमी नाही. तासभर भिंग लावून बसलो. खरं लिहायचं तर काहीतरी सापडावं असं वाटत होतं. सापडलं नाही तेव्हा मला तिचा थोडा रागच आला.

माझ्या नळीत शेपटी.

१० सप्टेंबर, बुधवार

हात धुतले, सगळी औषधं नवी केली, पुन्हा रक्त काढलं. घरी म्हटलं, रिपोर्ट यायचाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

शेपटी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

उज्वला रोज दार उघडताना विचारते, "आला?" मी चपला काढत म्हणतो, "वेळ लागतो त्याला." आई तेवढ्यात हातातलं काम थांबवते. आज भाजीवालीपाशी आई सोसायटीतल्या कुणाला तरी सांगत होती, "सुनंचं रगत तपासायला दिलंया." मी जिन्यात होतो. तिथेच थोडा थांबलो आणि मग वर गेलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहिल्या पेशंटचं जोडपं आज येऊन गेलं. त्यांना समजावायला मॅडमनी बाहेरची फ्रेम उतरवून टेबलावर घेतली. जोडपं गेल्यावर फ्रेम परत लावली नाही. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिल्या.

"नंदकुमार, इकडे या. क्रोमोसोमचं टोक असं असतं? कात्रीने कापल्यासारखं?"

मी म्हटलं, ते कात्रीनेच कापतो ना मॅडम, सगळेच.

"बाजूने कापतो. पट्ट्यावरून नाही." मग शांतपणे, "मूळ प्रिंट आणा."

आणली. मग ड्रॉवरमधल्या बाकीच्याही आणाव्या लागल्या. एकूण शहाण्णव पेशी. मॅडम एकेक बघून उलट्या ठेवत गेल्या. चहा आला, निवला.

"पेशंटच्या रिपोर्टला असं केलं असतंत तर आत्ता घरी पाठवलं असतं. स्वतःच्या केलंत म्हणून काय करायचं तेच मला कळत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तीन नंबरचा तुकडा दहावर गेलाय आणि दहाचं टोक तीनवर. कधीपासून दिसतंय?"

"चार ऑगस्ट."

टीपकागदावर त्यांनी रेघा काढल्या. मला हे माहीत होतं. परीक्षेत चित्रासकट लिहून आठपैकी सात मार्क मिळवले होते. तरी नवीन असल्यासारखं ऐकलं.

"साध्या विभाजनात प्रत्येक जण आपापला येऊन उभा राहतो, त्याला कुणाची गरज लागत नाही. म्हणून तुमच्या अंगाला काही झालेलं नाही. पण शुक्रपेशी होताना तसं नसतं. तिथे अगदी सुरुवातीलाच प्रत्येकाने आपला जोडीदार शोधायचा आणि टोकापासून टोकापर्यंत त्याला चिकटायचं. चेन लावतात तसं. आता तुमचा हा दहा. वरचं अंग दहाशी चिकटेल, शेपटीला मात्र तीन पाहिजे. तीनचं पण तसंच. मग दोघांचं काम चौघांना करावं लागतं. अशी फुली होते बघा." रेघांची फुली काढली. "आणि फुली सुटताना कोण कुणीकडे जाईल, सांगता येत नाही. एखादा तुकडा दोनदा जातो, एखादा जातच नाही. ते मूल टिकत नाही."

"म्हणजे माझ्यात खोट आहे."

"तुमच्यात सगळं आहे. फक्त जागा बदललेली. अर्धं द्यायची वेळ आली की वाटणी चुकते. दर वेळी चुकेल असं नाही. तुम्ही स्वतः आलातच ना धडधाकट?" मग कागद घडी करत म्हणाल्या, "हे कदाचित तुम्हालाही कुणाकडून तरी आलं असेल. क्वचित नव्यानेही होतं. आईवडिलांचं बघायला हवं. यात कुणाचा दोष नसतो, हे घरी नीट सांगा."

मॅडमना आमचं घर माहीत नाही.

निघताना जाईबाईंपाशी थांबलो. नळ्यांना काही नव्हतं म्हटलं, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "मना म्हाईत हाय," आणि बादली उचलून गेल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

उज्वलाला घेऊन वाशीच्या खाडीकाठी मिनी सीशोअरला गेलो. सांगायला निवांत जागा हवी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच आलो असू. ती खाडीकडे बघत ऐकत होती. मी बराच वेळ शास्त्र सांगितलं. फुलीसुद्धा काढून दाखवली, बोटाने, बाकावर.

"म्हणजे माझा रिपोर्ट चांगला आहे."

"हो."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"परवाच," मी म्हटलं. तसं पाहिलं तर खरंच आहे. परवापर्यंत ती तंत्राची चूक होती.

तिने पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्याला लावला नाही. बाकावर मी जिथे फुली काढली होती ती जागा पुसली. मग म्हणाली, "घरी तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसणार."

२३ सप्टेंबर, मंगळवार

जेवणानंतर सांगितलं. सुरुवात अशी केली: "आमच्या दोघांच्या रक्तात..."

"दोघांच्या नाही," उज्वला म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझं नॉर्मल आहे. तेही सांगा."

मग तेही सांगितलं. आई माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं आता रडारड. आप्पाच आधी उखडले. "आमच्या घरान्यात असलं काय बी न्हाई. तू एवढा घोडा झालास तो काय रगत नासकं होतं म्हणून?"

मी मॅडमचं वाक्य म्हटलं, कदाचित मलाही कुणाकडून तरी आलं असेल, क्वचित नव्यानेही होतं.

आईने ताटं गोळा करायला घेतली आणि परत खाली ठेवली.

"तुझ्या आदी तीन गेली माझी," ती म्हणाली. हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "तुझ्या आज्जीनं तीन वर्सं चुलीपाशी येऊ दिलं न्हाई मला. हिच्या हाताला येश न्हाई म्हनायची. मी बी तेच खरं धरलं." उज्वलाकडे न बघता पुढे म्हणाली, "आन तेच हिला लावलं."

आप्पा पेपर घेऊन बाल्कनीत गेले. बाल्कनीत तेव्हा उजेड नव्हता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

साडेदहाला केंद्राचं दार उघडलं तर आई. आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसने आली, विचारत विचारत. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आईने दंड पुढे केला.

"घ्या. माझंच असंल. एकदा कळलं म्हंजे सुटले."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, कुणाचंही असलं तरी तुमची चूक नाही."

"तुमी शिकलेल्या. तुमी म्हनायचंच."

मॅडमनी रक्त स्वतः काढलं. मला हात लावू दिला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

उज्वला आजपासून कामावर. साहेबांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता म्हणे. डबा तिने फक्त स्वतःचा भरला. विसरली असेल, पहिला दिवस होता.

केंद्रात आईचा तक्ता पूर्ण केला. मॅडमनी माझ्या शेजारी बसून एकेक पट्टा तपासला. बावीस जोड्या, दोन एक्स. तीन नंबरही ठीक, दहाही ठीक.

संध्याकाळी घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मराठीत लिवून दे." चांगल्या कागदावर लिहून दिलं: राजाबाई हौसेराव बर्गे, वय अठ्ठावन्न, गुणसूत्रे निर्दोष. तिला वाचता येत नाही. तिने उज्वलाला दोनदा वाचायला लावलं.

आप्पा म्हणाले, "पन तुझी मॅडम म्हनली ना, नव्यानं बी होतंया? मग झालं की. ह्याच्यातच नव्यानं झालं असंल."

मी म्हटलं, तेही शक्य आहे, पण तुमचं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

"मंग द्या की," आई म्हणाली. "चला उद्या. मी येती संगं."

आप्पा खोकले. तीस वर्षं शंभर किलोची पोती पाठीवर वाहिलेला माणूस. म्हणाले, "मला सुईचं जमत न्हाई."

आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठून आत गेली.

१२ ऑक्टोबर, रविवार

घरात सगळं शांत आहे. भांडण नाही, आदळआपट नाही. पुढे काय करायचं ते विचारलं तर उज्वला म्हणाली, मॅडमकडे ती एकटी जाणार आहे, त्यांना काही विचारायचंय, आणि ठरवलं की मला सांगेल. मी बरं म्हटलं.

दुपारी आई आणि उज्वला वाशीला गेल्या, साडीचं दुकान बघायला. निघताना जिन्यात दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही.

चार वाजले तरी आल्या नाहीत. आप्पा दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा आत गेले. भांडी वाजली. स्टोव्ह नको, गॅस आहे, असं मी बाहेरून सांगितलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "साकर कुटं असती रे?" मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी सगळे डबे उघडून बघितले. रवा सापडला, मीठ सापडलं, कसली तरी डाळ सापडली.

शेवटी चहा तसाच गाळला. आप्पांनी बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाले, "चांगला झालाय."

अर्धा मला दिला. मीही तसंच म्हणालो.